कोसोवोतल्या रस्त्यांवरच्या पाट्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात राहणारे आपले बरेच लोक हल्ली बाल्कनची रोडट्रिप काढतात, नॉर्थ मॅसेडोनियातल्या स्कोप्ये किंवा अल्बेनियातल्या तिरानाहून गाडी घेऊन कोसोवोत शिरतात आणि पहिल्या तासाभरातच मेसेज येतो की बाबा इथे पाट्यांवर काय चाललंय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून टाकतो. देश छोटा आहे, जेमतेम ११ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढा, पण पाट्यांचा पसारा देशापेक्षा मोठा आहे.

एकाच गावाची दोन नावं का लिहिलेली असतात?

कारण कोसोवोत अल्बेनियन आणि सर्बियन या दोन्ही भाषा सरकारी आहेत. २००६ च्या भाषा कायद्याने दोन्हींना समान दर्जा दिलाय आणि गावांची, रस्त्यांची, सार्वजनिक जागांची नावं दोन्हीत लिहायची असं त्यातच म्हटलंय. त्यामुळे साधारणपणे वरच्या ओळीत अल्बेनियन नाव आणि खाली सर्बियन नाव असतं.

काही जोड्या सोप्या आहेत, लिप्यान आणि लिप्ल्यान, कळून जातं. पेया आणि पेच हेही एकच गाव, थोडं डोकं लावलं की जमतं. ज्याकोवा आणि जाकोवित्सा, राहोवेत्स आणि ओराहोवात्स, ठीक आहे. पण फेरिझाय आणि उरोशेवात्स हे एकच शहर आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळणारच नाही, तसंच स्कंदेराय आणि स्र्बित्सा. आणि त्यावर कडी म्हणजे काही गावांना तिसरं नाव पण आहे, जुन्या सर्बियन नावाचंच अल्बेनियन रूप नको म्हणून अल्बेनियन लोकांनी नवीन नाव धरलं. ग्लोगोवात्सचं अल्बेनियन रूप ग्लोगोत्स, पण लोक म्हणतात ड्रेनास. पोदुयेवोला बेसियाना, सुवा रेकाला सुहारेका आणि वर थेरांदा. बसवर एक नाव, पाटीवर दुसरं आणि तुमच्या बुकिंगवर तिसरं, असं होऊ शकतं, घाबरू नका, तीनही ठिकाणी एकच गाव असतं.

खालचं नाव काळ्या स्प्रेने का फासलेलं असतं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बेळगाव-निपाणीकडे फिरलेल्या माणसाला खरं तर हे समजावून सांगायची गरज नाही, पाटीला काळं फासणं म्हणजे काय ते आपल्याला चांगलंच माहितीये. इथे फरक एवढाच की यामागे अल्बेनियन आणि सर्ब यांच्यातलं १९९८-९९ चं युद्ध आहे, माणसं मेलीयेत, लाखो लोक घर सोडून पळालेत, त्यामुळे पाटीवरचा राग नुसता भाषेचा राहिलेला नाही.

जिथे अल्बेनियन वस्ती आहे, म्हणजे देशाचा बहुतेक भाग, तिथे सर्बियन ओळ फासलेली किंवा खरवडलेली दिसते. ग्राचानित्सा, श्टर्प्त्सेसारख्या सर्ब वस्तीत शिरलात की उलटं, अल्बेनियन ओळीवर काळं. म्हणजे पाटी वाचता येवो न येवो, कुठली ओळ पुसलीये एवढं बघितलं तरी आजूबाजूला कोण राहतं ते कळतं. जवळ जाऊन बघितलं तर अक्षरांच्या कडा रंगाखालून दिसत असतात, दिवसा नीट बघितलं तर फासलेलं नाव वाचता येतं. रात्री मात्र नाही, कारण पाटीचा चमकणारा कागद स्प्रेखाली चमकत नाही, हेडलाइट पडला की एकच ओळ उजळते आणि दुसरीच्या जागी नुसता काळा पट्टा. तुमच्या हातातल्या नकाशात नेमकं फासलेलं नाव असेल तर अंधारात फाटा चुकायची पूर्ण सोय आहे.

आणि दर वेळी फासलेलंच असतं असं नाही, कधीकधी सर्बियन नाव पाटीवर असतं पण चुकीचं लिहिलेलं असतं, अक्षरावरची खूण गाळलेली, किंवा अल्बेनियन नावच थोडं मोडतोड करून सर्बियन म्हणून छापलेलं. भाषा आयुक्तांचं वेगळं कार्यालय आहे कोसोवोत, हा कायदा पाळला जातोय का ते बघणं हेच त्यांचं काम. कायदा कागदावर चांगला आहे, अगदी युरोपातल्या चांगल्या कायद्यांत धरावा असा, पण पाटी रंगवणाऱ्या कंत्राटदाराने तो वाचलेला नसतो असं माझं मत आहे.

मग रस्ता शोधायचा कसा?

नावावर जाऊ नका, नंबरावर जा. नंबराला भाषा नसते आणि त्याच्यावर कुणी स्प्रे मारत बसत नाही. मुख्य तीन लक्षात ठेवले की अर्धा देश फिरून होतो: एम-२ म्हणजे दक्षिणेला हानी इ एलेझितच्या सीमेपासून राजधानी प्रिश्टिना आणि पुढे मित्रोवित्सा, एम-९ म्हणजे प्रिश्टिनाहून पश्चिमेला पेया, आणि एम-२५ म्हणजे सर्बियाकडच्या मेर्दारे नाक्यापासून प्रिश्टिना होऊन प्रिझ्रेन. शिवाय दोन एक्सप्रेसवे आहेत, आर-७ अल्बेनियाच्या दिशेने जातो आणि आर-६ नॉर्थ मॅसेडोनियाच्या. आर-७ वर प्रिझ्रेनपर्यंत गाडी अशी जाते की खाली जुन्या रस्त्यावर पाट्यांची काय मारामारी आहे ते कळत पण नाही.

दुसरं म्हणजे निघताना एका कागदावर वाटेतल्या गावांची दोन्ही नावं शेजारीशेजारी लिहून घ्या. मोबाइलवर नको, कागदावरच, डॅशबोर्डवर ठेवता येतो.

गूगल मॅप्स चालत नाही का?

चालतं की. दोन्ही नावांनी शोधलं तरी बहुतेक गावं सापडतात. गोंधळ होतो तो बोलणाऱ्या बाईचा, ती एक नाव उच्चारते आणि पाटीवर दुसरंच असतं. नकाशात कोसोवो आणि सर्बियाची सीमा तुटक रेषेने दिसेल, त्याचं कारण खाली सर्बियाच्या प्रश्नात.

प्रिश्टिना की प्रिश्टिन? पाटीवर वेगवेगळं दिसतं.

दोन्ही बरोबर. अल्बेनियन भाषेत गावाच्या नावालाही दोन रूपं असतात, एक नुसतं आणि एक ‘ते अमुक’ अशा अर्थाचं. पाटीवर बहुतेकदा पहिलं रूप असतं, शेवटी ई आणि त्यावर दोन टिंबं, आणि हा ई जवळजवळ ऐकूच येत नाही. बोलताना लोक शेवटी आ लावतात. पेय-पेया, मित्रोवित्स-मित्रोवित्सा, सगळीकडे तेच. सी ला खाली शेपटी असली की च, आणि क्यू दिसला की तोही च च्या जवळचाच. एवढं पुरे.

सिरिलिक लिपी यायला पाहिजे का?

देशभर फिरायला नाही. सरकारी पाट्यांवर सर्बियन नाव बहुतेक वेळा रोमन लिपीतच असतं. पण उत्तरेला, म्हणजे इबार नदीच्या पलीकडे मित्रोवित्साचा उत्तर भाग, झ्वेचान, लेपोसाविच, झुबिन पोतोक इथे आणि दक्षिणेतल्या सर्ब गावांत सिरिलिक भरपूर दिसतं, दुकानं, शाळा, भिंती सगळीकडे. १९६८ चा व्हिएन्नाचा रस्ता-चिन्हांचा करार आहे त्यात असं आहे की ज्या देशाची लिपी रोमन नाही त्याने गावाचं नाव आपल्या लिपीत आणि सोबत रोमनमध्ये पण द्यावं, त्यामुळे सीमेपलीकडे सर्बियात गेलात तरी मोठ्या रस्त्यावर दोन्ही लिप्या मिळतात. बाकी त्रिकोण, गोल, अष्टकोनी स्टॉप, ही चिन्हं युरोपात असतात तीच, त्यात काही नवीन शिकायला नाही.

प्रिझ्रेनला पाट्यांवर अजून भाषा दिसल्या, त्या कुठल्या?

तुर्की आणि बोस्नियन. कायद्यात अशी सोय आहे की एखाद्या नगरपालिकेत ५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर तिला तिथे सरकारी दर्जा मिळतो, आणि प्रिझ्रेनमध्ये तुर्कीला टक्केवारी न मोजताच दिलाय. जवळच मामुशा नावाची छोटी नगरपालिका आहे, तिथे बहुसंख्य लोक तुर्की बोलणारे. गंमत म्हणजे प्रिझ्रेनचं नाव सगळ्यांनाच प्रिझ्रेन, त्यामुळे त्या नावावरून भांडायला कुणाला काही सापडलेलं नाही.

पुलाजवळ पिवळ्या गोल पाट्या आणि त्यावर रणगाड्याचं चित्र, हे काय आहे?

तुमच्यासाठी नाहीये ते, पण माहिती मजेदार आहे म्हणून जरा सविस्तर. ह्या लष्करी पाट्या आहेत, पुलाची ताकद सांगणाऱ्या. नाटोची पद्धत अशी की प्रत्येक लष्करी वाहनाला एक वर्ग-क्रमांक आणि प्रत्येक पुलालाही एक वर्ग-क्रमांक, वाहनाचा आकडा पुलाच्या आकड्याएवढा किंवा कमी असला की जायचं, जास्त असला की दुसरा रस्ता बघायचा. हा आकडा म्हणजे थेट टन नव्हे, वजन, चाकांची मांडणी, दोन चाकांमधलं अंतर असं सगळं धरून काढलेला असतो, पण ढोबळ मानाने टनाच्या आसपास येतो.

पिवळ्या गोलावर काळे आकडे असतात. एकच आकडा असेल तर सरळ आहे. दोन आकडे शेजारीशेजारी असतील तर डावीकडचा दोन्ही बाजूंनी वाहतूक चालू असतानाचा आणि उजवीकडचा एका वेळी एकाच बाजूने सोडलं तरचा, म्हणून उजवीकडचा आकडा मोठा असतो. जड वर्गात, म्हणजे ५० च्या वर, चाकाच्या आणि पट्ट्याच्या वाहनांसाठी वेगवेगळे आकडे देतात, म्हणून एका ओळीत ट्रकचं चित्र आणि दुसऱ्या ओळीत रणगाड्याचं. १९९९ च्या जूनमध्ये नाटोच्या फौजा शिरल्या तेव्हा साठ-साठ टनांच्या आसपासचे रणगाडे ह्या गल्लीबोळाएवढ्या रस्त्यांवरून न्यायचे होते आणि पूल कुणी कधी मोजलेले नव्हते, काही बॉम्बने खिळखिळे झालेले, तेव्हा इंजिनिअर तुकड्यांना पूल मोजत फिरावं लागलं. शीतयुद्धातल्या पश्चिम जर्मनीत अशा पाट्या सगळीकडे असायच्या, तीच पद्धत इथे आली.

एक गोष्ट लक्षात आली का, ह्या पाटीवर कुठलीच भाषा नाही.

केफोर म्हणजे युएनची शांतिसेना ना?

नाही, इथे सगळेच गडबडतात. १० जून १९९९ ला सुरक्षा परिषदेने ठराव १२४४ केला, त्यातून दोन गोष्टी आल्या. एक केफोर, ही नाटोच्या नेतृत्वाखालची फौज, १२ जूनला आत शिरली, सुरुवातीला ५० हजारांच्या घरात होती आणि आता साडेचार हजारांच्या आसपास आहे. दुसरं युएनमिक, हे युएनचं नागरी प्रशासन, आधी सगळा कारभार हेच बघायचे, आता नावापुरते म्हणावे इतके छोटे झालेत पण आहेत. तिसरं युलेक्स, हे युरोपियन युनियनचं, २००८ पासून, पोलीस आणि कोर्टकचेरीसाठी. म्हणजे निळी टोपी शोधू नका, गाडीवर केफोर लिहिलेलं असतं.

यातलं कुणीही तुम्हाला पेयाचा रस्ता दाखवायला पाटी लावत नाही. मोठ्या रस्त्यांच्या पाट्या मंत्रालयाच्या, गावातल्या नगरपालिकेच्या, आणि केफोर फक्त स्वतःच्या छावण्यांच्या आणि पुलांच्या.

कुणी ‘रूट हॉक’ म्हणालं, नकाशात सापडत नाही.

सापडणारही नाही. फौजांनी आल्या आल्या रस्त्यांना प्राण्या-पक्ष्यांची नावं देऊन टाकली, स्कोप्येहून प्रिश्टिनाला येणारा एम-२ म्हणजे हॉक, ससाणा. शहाणपणाचं काम होतं खरं तर. तेव्हा परदेशी लोकांच्या हातात जुने युगोस्लाव नकाशे, त्यात सर्बियन नावं, आणि गावातला माणूस अल्बेनियन नाव सांगणार. सर्बियन नाव उच्चारलं की समोरच्याच्या कपाळावर आठ्या, मग ट्रक ड्रायव्हरने वायरलेसवर सांगायचं काय. ससाणा कुणाच्याच बाजूचा नाही.

तसंच सीमेवरच्या नाक्यांचं, यारिन्ये म्हणजे गेट १, ब्रन्याक म्हणजे गेट ३१, मेर्दारे म्हणजे गेट ३. हे आकडे परदेशी लोकांनी पाडले पण रुळले, अजूनही बातम्यांत आणि लोकांच्या बोलण्यात येतात.

लष्करी ताफा समोर आला तर काय करायचं?

काही नाही, आपली गाडी चालवा. ताफ्याच्या मध्ये घुसू नका, ओव्हरटेक करायचं तर सगळा ताफा एकदम पार करता येत असेल तरच. नाटोच्या पद्धतीत पहिल्या गाडीला निळा झेंडा आणि शेवटच्या गाडीला हिरवा, त्यामुळे हिरवा दिसेपर्यंत ताफा संपलेला नाही असं समजा.

छावण्यांच्या कुंपणावर कॅमेऱ्यावर काट मारलेली पाटी असते, ती मनावर घ्या. विसोकी देचानीचा सर्ब ऑर्थोडॉक्स मठ बघायला गेलात, जायलाच पाहिजे, चौदाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तर तिथे फाटकाशी केफोरचे सैनिक असतात आणि पासपोर्ट बघतात. बाकीचे बहुतेक मठ आता कोसोवो पोलिसांकडे दिलेत, हा अजून केफोरकडे आहे. वाटेत वेग कमी करायला काँक्रीटचे ठोकळे आडवेतिडवे ठेवलेले असतात, नागमोडी हळूहळू जायचं.

मित्रोवित्साच्या पुलावरून गाडी जाते का?

इबारवरच्या मुख्य पुलावरून नाही, चालत जाता येतं. दक्षिणेला अल्बेनियन, उत्तरेला सर्ब, मध्ये हा पूल आणि त्यावर केफोरमधल्या इटालियन काराबिनिएरींची, म्हणजे लष्करी पोलिसांची गाडी उभी. २०२४ मध्ये कोसोवो सरकारने गाड्यांसाठी पूल उघडायचं मनावर घेतलं होतं, पण नाटो आणि युरोपियन युनियन म्हणाले घाई नको. गाडीला शहरात दुसरे पूल आहेत. चालत पार केलात तर शंभर पावलांत पाट्या, झेंडे, अक्षरं सगळं बदलतं. मे २०२३ मध्ये शेजारच्या झ्वेचानमध्ये जमाव आणि केफोर यांच्यात मोठी झटापट होऊन बरेच सैनिक जखमी झाले होते, त्यामुळे उत्तरेला जायच्या दिवशी बातम्या बघून निघा.

नंबरप्लेटवरचे स्टिकर काय भानगड होती?

२०२१ ते २०२३ मध्ये गेलेल्यांनी हे बघितलं असेल. कोसोवोची प्लेट असलेली गाडी सर्बियात जाताना आणि सर्बियाची कोसोवोत येताना देशाच्या खुणेवर पांढरा स्टिकर चिकटवायचा, म्हणजे मी तुला मान्य करत नाही असं एकमेकांना सांगून मग जायचं. २०२४ च्या सुरुवातीला दोन्हीकडून ते बंद झालं.

याच्यापेक्षा बोस्नियातली युक्ती मला जास्त आवडते. तिथे युद्धानंतर प्लेटवरून गाडी कुठल्या भागातली ते कळायचं आणि लोक जायला घाबरायचे, म्हणून १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीने नवीन प्लेट आणल्या, त्यात फक्त रोमन आणि सिरिलिक दोन्हींत सारखी दिसणारी अक्षरं, ए, ई, जे, के, एम, ओ, टी, आणि गावाचा काही पत्ता नाही.

लाल त्रिकोण आणि कवटी?

सुरुंग. डांबरी रस्ता सोडून जाऊ नका, विषय संपला. बरीचशी साफसफाई झालीये पण डोंगरात, सीमेच्या बाजूला अजून काम चालतं. पाटी मोडकी दिसली, गंजलेली दिसली तरी ती खरीच समजायची.

प्रिश्टिनात पत्ता सांगायचा कसा?

रस्त्याच्या नावाने सांगू नका. युद्धानंतर जवळपास सगळी नावं बदलली, बिल क्लिंटनच्या नावाचा बुलेवार आहे आणि तिथे २००९ पासून त्यांचा पुतळाही आहे, जॉर्ज बुशच्या नावाचा रस्ता आहे, मदर तेरेसांचा तर मुख्य पायी रस्ता. त्याआधी युगोस्लाव नावं, मग नव्वदीत सर्बियन नावं. टॅक्सीवाला खुणेवरूनच ओळखतो, ग्रँड हॉटेलच्या मागे, नॅशनल लायब्ररीच्या समोर, आपल्याकडे चालतं तसंच.

कोसोवोतून पुढे सर्बियाला जाता येईल का?

सर्बिया कोसोवोला आपलाच भाग मानतो, त्याच्या लेखी मेर्दारे ही सीमा नाही. त्यामुळे तुम्ही अल्बेनिया किंवा नॉर्थ मॅसेडोनियातून कोसोवोत आलात आणि तिथून सर्बियात घुसायला गेलात तर तुमच्याकडे सर्बियात आल्याचा शिक्का नसतो, मग अडवतात. सर्बियातून येऊन सर्बियात परत जाणं चालतं. नाहीतर स्कोप्येवरून वळसा घ्या. भारतानेही कोसोवोला मान्यता दिलेली नाही, प्रिश्टिनात आपली वकिलात नाही, पासपोर्ट सांभाळा. गाडीचं ग्रीन कार्ड कोसोवोत चालत नाही, सीमेवरच्या खिडकीत विमा काढावा लागतो, आणि भाड्याच्या गाडीवाल्याला आधी विचारा, बरेच जण कोसोवोला नाही म्हणतात.

भारताचे सैनिक आहेत का तिथे?

केफोरमध्ये नाहीत, ती नाटोची फौज. युएनमिकच्या पोलिसांत मात्र भारतीय पोलीस होते. आणि त्याच्याही आधी, युगोस्लाविया फुटत असताना १९९२ मध्ये क्रोएशिया-बोस्नियात युएनची जी शांतिसेना गेली तिचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, मराठा लाइट इन्फंट्रीचे. म्हणजे ज्या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे तिथला अधिकारी, पाट्यांचं राजकारण त्यांना नवीन नसावं.

शेवटी रस्ता विचारताना कुठलं नाव घ्यायचं?

समोरच्याचं. अल्बेनियन माणसाला पेया विचारा, ग्राचानित्सात कॉफी पीत असाल तर पेच म्हणा. देशाचं नावसुद्धा अल्बेनियन लोक कोसोवा म्हणतात आणि सर्ब कोसोवो. कळत नसेल समोर कोण आहे तर कागदावरची दोन्ही नावं दाखवा, तो आपल्या नावावर बोट ठेवेल आणि मग रस्ता सांगेल, आणि बहुतेक वेळा कॉफीचे पैसे घेणार नाही.